दुसऱ्याच्या हातचे अन्न

अन्नदानाची थोरवी आमच्या वाङ्मयात इतक्या परींनी गायिली गेली आहे की तीत भर घालण्याचे कारण उरलेले नाही. भुकेल्यास अन्न द्यावे आणि तान्हेल्यास पाणी द्यावे, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज लागत नाही. घरातील आजीच ते सांगते. परंतु ज्याच्या हाती ते अन्न पडते त्याचा धर्म कोणता, या प्रश्नाचा विचार आम्ही क्वचितच करतो. देणारा पुण्यवान आणि घेणारा गरजू, अशी वाटणी एकदा मनाशी ठरून गेली म्हणजे घेणाऱ्याने कृतज्ञ असावे याखेरीज त्याच्याविषयी बोलण्यासारखे काही राहत नाही. ही वाटणी अपुरी आहे. किंबहुना आपल्या देशापुरते पाहू गेल्यास देण्यापेक्षा घेणेच अधिक कठीण आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. ते का, हे सांगण्यासाठी वाचकांस नागपुरास घेऊन जाणे भाग आहे.

14 ऑक्टोबर 1956 या दिवशी, विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मागोमाग आपल्या लक्षावधी अनुयायांस ती दिली. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून सर्वांस ठाऊक आहे, आणि तेथील भव्य स्तूपाचे उद्घाटन 2001 साली झाले. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास येथे महाराष्ट्रातूनच नव्हे, तर दूरदूरच्या प्रांतांतून लाखो स्त्रीपुरुष येतात. कोणी रेल्वेने येतात, कोणी मोटारीने, तर कोणी डोक्यावर गाठोडे घेऊन पायी चालत. स्तूपाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने लागतात आणि ज्यांच्या अंगावरील वस्त्र जुने आहे अशी माणसेही जाताना दोनचार पुस्तके काखोटीस मारून नेतात. त्याच रस्त्यांच्या कडेने मांडव घातलेले असतात व त्यांत अन्न शिजत असते. कोठे भात आणि वरण, कोठे पुरी आणि बटाट्याची भाजी, कोठे मसालेभात. कोणा वस्तीतील मंडळाने वर्गणी काढलेली, कोठे कर्मचाऱ्यांनी पगारातून पैसे बाजूस ठेवलेले, कोठे विद्यार्थी स्वतः वाढप्याच्या कामास उभे. मोल बहुधा नाहीच. असलेच तर नावापुरते. ताट हाती घ्यावे, रांगेत उभे राहावे आणि पुढे सरकत वाढून घ्यावे, इतकीच रीत.

काही वर्षांपूर्वी आम्ही हा सोहळा पाहावयास गेलो होतो. आपण काही द्यावे या सद्बुद्धीने खिशात थोडी रक्कमही ठेवली होती, आणि एका मांडवात ती देऊन आम्ही समाधानाने बाहेर पडत होतो. इतक्यात तेथे वाढीत असलेली एक वृद्ध बाई हाती भरले ताट घेऊन आमच्यापुढे आली आणि म्हणाली, "घ्या न जी भाऊ, दोन घास खाऊन जा." आम्ही हात जोडले आणि म्हणालो, "आमचे जेवण झाले आहे, बाई." दुपारचा एक वाजला होता, सकाळपासून आमच्या पोटात चहाखेरीज काही नव्हते. बाईने आमच्याकडे एकदा पाहिले, "बरं," एवढेच म्हटले, आणि ते ताट पाठीमागच्या मुलाच्या हाती दिले.

हे असत्य आमच्या तोंडून इतक्या सहज निघाले की त्याचे आश्चर्य आम्हांस घरी आल्यावरच वाटले. मग आम्ही आपल्या मनाशी एकएक कारण लावून पाहू लागलो. स्वच्छतेची शंका म्हणावी, तर याच नगरीत रस्त्याच्या कडेला उभे राहून तर्रीपोहे खाताना ती शंका आमच्या मनास कधी शिवली नाही. गरज नसताना फुकटचे का घ्यावे, असे म्हणावे, तर शेगावी गजानन महाराजांच्या संस्थानात महाप्रसादाच्या रांगेत आम्ही सहकुटुंब उभे राहिलो आहो आणि तेथे आपली ऐपत आम्हांस आठवली नव्हती. भूक नव्हती असे म्हणण्यास तर जागाच नव्हती. एकएक कारण असे गळून गेल्यावर जे तळाशी उरले त्याचे नाव घेण्यास आम्हांस लाज वाटली, आणि तेच येथे लिहावयाचे आहे. आम्ही जातिभेद मानीत नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे समजत होतो. आमच्या बुद्धीने तो खरोखरच टाकला होता. आमच्या हाताने मात्र अद्याप टाकला नव्हता.

जातिभेदाचे शास्त्र नीट पाहिले तर ते देण्याच्या आड क्वचितच आलेले दिसते. उरलेसुरले अन्न देण्यास बंदी नव्हती. उंचावरून ओंजळीत पाणी ओतण्यास बंदी नव्हती. सुगीच्या दिवशी खळ्यावरचे धान्य बलुत्याच्या पदरात टाकण्यास तर नव्हतीच. बंदी होती ती घेण्यास. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या हातचे चालत नाही, कोणाचे पक्के अन्न घ्यावे आणि कोणाचे कोरडा शिधा म्हणूनच घ्यावे, कोण भोज्यान्न आणि कोण अभोज्यान्न, यांचा काथ्याकूट करण्यात धर्मशास्त्रकारांनी आपली बुद्धी झिजविली. तेव्हा उच्चनीचतेची खरी मोजपट्टी 'मी कोणास देतो' ही नसून 'मी कोणाचे घेतो' ही होती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे ओंजळभर पाणी पिण्यास गेली, ती तहानेने व्याकूळ होऊन नव्हे. त्यांच्या स्पर्शाने पाणी विटाळते हा सिद्धान्त त्यांस खोटा पाडावयाचा होता. आणि तो सिद्धान्त पुरता खोटा ठरावयाचा तर उलट बाजूनेही एक पाऊल पडावयास हवे होते: त्यांच्या हातचे पाणी इतरांनी प्यावयास हवे होते.

हे उलटे पाऊल म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी चांगले ओळखले होते. गंगाराम कांबळे या दलित नोकराने स्पृश्यांच्या पाण्यास हात लावला म्हणून त्यास मार बसला. महाराजांनी त्यास चहाचे दुकान काढण्यास साह्य केले. येथपर्यंतची गोष्ट एखाद्या उदार राजाची म्हणून कोणासही सांगता येईल. परंतु दुकान निघाले तरी गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवून तेथला चहा मागवून पिऊ लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींसही तो घ्यावा लागला. भांडवल देणारा राजा गंगारामाहून उंचच राहिला असता. चहा पिणारा राजा त्याचे गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाईक झाल्याने त्यास माणसांच्या बाजारात उभे करता झाला. पैशांचे साह्य पुष्कळ धनिकांस साधते. त्या एका पेल्याचे मोल त्याहून निराळे होते.

आणि ज्या महापुरुषाच्या नावाने दीक्षाभूमीवर हे अन्न शिजते त्याचे चरित्र पाहिले तर ते घेणाऱ्याचेच चरित्र आहे. संबोधीनंतर गौतम बुद्ध कपिलवस्तूस आले आणि दुसऱ्या दिवशी हाती पात्र घेऊन आपल्याच पित्याच्या नगरीत दारोदार भिक्षेस निघाले, तेव्हा शुद्धोदन राजास कुळाची लाज वाटली, अशी कथा बौद्ध परंपरेत आहे. राजपुत्राने अन्नछत्र घातले असते तर राजास अभिमानच वाटला असता! पुढे आयुष्याच्या अखेरीस पावा नगरीतील चुंद नावाच्या लोहाराकडे तथागतांनी भोजन केले आणि त्यानंतर त्यांचे दुखणे विकोपास गेले. त्या अवस्थेतही त्यांनी आनंदास बजावले की, आपल्या अन्नाने अनर्थ झाला असा पश्चात्ताप चुंदास होऊ देऊ नये. संबोधीपूर्वीचे भोजन आणि हे अखेरचे भोजन ही दोन्ही दाने सारख्याच पुण्याची आहेत, असे त्यास सांगावे. मरणाच्या दारी उभा असलेला पाहुणा आपल्या यजमानाच्या मनाची काळजी वाहतो! दिलेल्याचा मान राखणे हे घेणाऱ्याचे काम आहे, हा धडा आम्हांस याहून स्पष्ट शब्दांत कोठे मिळालेला नाही. आणि आम्ही त्या वृद्ध बाईच्या ताटाचा मान कसा राखला, तो वर सांगितलाच आहे.

येथे एक शंका निघेल. हे अन्न शाकाहारी असते, त्या अर्थी सोवळ्याचीच जुनी कल्पना नव्या मांडवात शिरली नाही काय? शंका गैर नाही. या देशात शाकाहार हा पुष्कळदा करुणेचा नसून मोठेपणाचा बिल्ला झाला आहे, आणि 'आमच्याकडे चालत नाही' या तीन शब्दांनी कित्येक भाडेकरूंस दारातून परत फिरविले आहे. बुद्धाचे मत या बाबतीत आग्रही नव्हते. भिक्षूंनी मासमांस मुळीच सेवन करू नये असा नियम देवदत्ताने मागितला असता तथागतांनी तो केला नाही. आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिलेले, ऐकलेले वा शंकिलेले नसेल तर भिक्षेत आलेले घ्यावे, एवढीच मर्यादा घातली. आमच्याकडे धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या विषयाची चर्चा निर्भयपणे केली आहे. तेव्हा मांडवातील भाजीभाताचा अर्थ शुद्धतेत शोधू नये. जेथे लाखो माणसे यावयाची, तेथे ज्यास कोणीच नाही म्हणणार नाही असे अन्न शिजवावे, इतकाच त्याचा सरळ अर्थ आहे. तेच वरणभात एका घरी कुंपण होतो आणि दुसऱ्या ठिकाणी सतरंजी होतो. फरक पदार्थात नसून तो कोणासाठी शिजविला यात आहे.

तीच गोष्ट मोलाची. स्वस्त अन्नाचे प्रयोग आपल्या राज्यात पूर्वीही झाले. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. 26 जानेवारी 2020 पासून 10 रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. अल्प का होईना, मोल घेतल्याने जेवणाऱ्याचा स्वाभिमान राहतो, हे म्हणणे गरिबापुरते खरे आहे आणि त्यास आमचा विरोध नाही. परंतु ज्याचा खिसा भरलेला आहे त्याच्या बाबतीत मोल हे स्वाभिमानाचे नव्हे, तर सुटकेचे साधन होते. पैसे टाकले की देणे फिटले. पुन्हा त्या माणसाकडे वळून पाहण्याचे कारण नाही. दीक्षाभूमीच्या रांगेत ही पळवाट नाही. जुन्या पंगतीत कोणी कोठे बसावे हे जन्माने ठरत असे, पंक्तिभेद हा तिचा प्राण होता. या रांगेत आधी येईल तो पुढे, एवढाच भेद शिल्लक आहे.

पुढील वर्षी आम्ही पुन्हा गेलो. ती बाई दिसली नाही. तशी अपेक्षा करण्याचाही आम्हांस अधिकार नव्हता. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे एक शेतमजूर कुटुंब होते, मागे महाविद्यालयातील दोन मुली. ताटात भात, वरण, वांग्याची भाजी आणि दोन पुऱ्या आल्या. भाजी थोडी तिखट होती आणि भात थोडा गार होता. जेवण म्हणून त्यात अद्भुत असे काहीच नव्हते. संपल्यावर आमचा हात, जणू आपोआप, खिशाकडे गेला. वाढणारा पंधरासोळा वर्षांचा मुलगा हसून म्हणाला, "पैसे नाही लागत जी. ताट तेवढं त्या पिंपात टाका." आमच्याकडून अपेक्षित असलेले सारे कर्तव्य एवढेच होते, आणि ते पार पाडताना आम्हांस विलक्षण ओशाळल्यासारखे झाले. ऋण तसेच अंगावर राहिले, आणि ते तसेच राहावयास हवे होते.

एका ताटाने समता येते, असा आमचा दावा नाही. सहभोजनांनी जातीची भावना मेलेली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी 1936 सालीच बजावून ठेवले आहे. आणि अनंत हरी गद्रे यांच्यासारख्यांनी झुणका-भाकरीची सहभोजने निष्ठेने घातली तरी त्यानंतरचा अनुभव त्यांच्या म्हणण्यास पुष्टीच देतो. वर्षातून एकदा उत्सवात जेवून यावे आणि उरलेले दिवस पूर्वीप्रमाणे घालवावे, तर ते एक नवे कर्मकांडच होईल. म्हणून या ऋणाची फेड कोठे करावयाची, असे विचाराल तर आमचे उत्तर असे की, ती दीक्षाभूमीवर करावयाची नसून आपल्या स्वयंपाकघरात करावयाची आहे.

आमच्या घरी धुणीभांडी करावयास जी बाई येते तिच्या चहाची कपबशी वर्षानुवर्षे खिडकीपाशी निराळी ठेवलेली असे. ती कोणी व केव्हा ठेविली हे घरात कोणासही आठवत नव्हते. तिच्यावरचा कंगोरा उडालेला होता, म्हणून ती तिला, असे आम्ही मुलांस सांगत आलो होतो. सण आला की आम्ही तिला पुरणपोळी बांधून देत असू, आणि आपल्या औदार्याचे आम्हांस कौतुक वाटत असे. तिने मात्र आपल्या नातीच्या बारशाचे बोलावणे दिले तेव्हा आम्ही झबले आणि पाकीट पाठवून दिले. आम्ही गेलो नाही. काम होते, असे सांगितले. ते आमचे दुसरे असत्य होते, आणि पहिल्यापेक्षा जुने होते.

यंदा तिच्या मुलाचे लग्न ठरले आहे. बोलावणे आले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सवयीने आहेराचा विचार सुरू केला. आम्ही म्हटले, आहेर न्यावा, परंतु जेवूनही यावे. क्षणभर घरात कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी घरी स्वयंपाक करायचा नाही, एवढं ध्यानात ठेवा." खिडकीपाशी ठेवलेली ती कपबशी त्यांनी दुसऱ्या दिवशी इतर कपबशांत मिसळून टाकली. कंगोरा उडालेला असल्याने ती ओळखू येते. परवा सकाळी ती आमच्याच वाट्यास आली.