फोनलाही सुतक हवं

मध्यंतरी विक्रोळीतल्या एका व्याख्यानात वक्त्याने ठणकावून सांगितलं, "लोभ किंवा अडाणीपणा असल्याशिवाय ऑनलाइन कुणी फसत नाही." टाळ्या पडल्या. सवयीने मीही दोन वाजवल्या. कन्नमवारनगरात घरी पोचेपर्यंत मात्र त्या टाळ्यांची लाज वाटायला लागली. आमच्या जिन्यात तळमजल्यावरच्या वहिनींचं दार लागतं.

वहिनी निवृत्त शिक्षिका. पती गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांना फोन आला. पलीकडच्याला पतीचं पूर्ण नाव, वय, गेल्याची तारीख सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक गेटवर आम्हीच लावला होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या निरोपाखाली घरचा नंबरही आम्हीच टाकला होता. "साहेबांची पॉलिसी मंजूर झालीय मॅडम, फक्त शुल्क बाकी आहे. आज भरलं नाही तर फाइल बंद." वहिनींनी भरलं. दोनदा. पुढे कधीतरी म्हणाल्या, "त्यांचं एक काम अर्धवट राहिलंय असं वाटलं हो."

यात लोभ कुठे आहे, ते वक्त्याने दाखवून द्यावं.

अडाणीपणाचं म्हणाल तर तो घालवायची सोय सरकारने केलीच होती. २०२५ सालचं ते प्रकरण आठवा : कुणालाही फोन लावा, आधी अमिताभ बच्चन सायबर भामट्यांपासून सावध करणार. लोक इतके वैतागले की जूनमध्ये ती धून बंद करावी लागली. वहिनींचे पती गेले ते त्याच्या थोडं आधी. त्या रात्री मरणाची बातमी कळवायला त्या घरातून जितके फोन गेले, तितक्यांदा उपदेश ऐकून झाला. तरीही चौथ्या दिवशी व्हायचं ते झालंच.

वक्त्याला उत्तर द्यायला मी जोतीराव फुल्यांना साक्षीला बोलावलं. मला काही अडलं की मी त्यांच्याकडेच जातो. ही माझी खोड मित्रांना ठाऊक आहे. १८६९ सालचं 'ब्राह्मणांचे कसब' घ्या, नाहीतर 'शेतकऱ्याचा असूड'. जन्मापासून मरणापर्यंत, आणि मेल्यानंतरही, शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा उपसला जातो याचा हिशोब त्यांनी मांडून ठेवलाय. रीत तीच : घरात कोण गेलं ते ठाऊक असायचं, गेलेल्याचं काही अडेल अशी भीती घालायची, घाई करायची आणि दक्षिणा काढायची. तेव्हा अडायचा तो आत्मा, आता अडते ती फाइल.

पण साक्षीदार उलटला. या सगळ्याचं मूळ फुले शोधतात ते अविद्येत. म्हणजे वक्त्याचा अडाणीपणाच, फक्त भारदस्त पोशाखातला! दोन दिवस मी चरफडत होतो. मग लक्षात आलं, की मी जोतीरावांचं लिहिणं पाहत होतो, करणं नाही. नुसतं 'सावध राहा' सांगून ते थांबले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि विधी भटाविना करण्याची वाट घालून दिली. मध्यस्थाशी हुज्जत कशी घालावी हे शिकवत बसण्यापेक्षा त्यांनी मध्यस्थाची जागाच काढून टाकली.

आणि त्यांचं स्वतःचं मरण पाहा. १८८७ मध्येच त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं. तरी २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि अंत्ययात्रेचं टिटवं, म्हणजे पुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्र यशवंताला अडवलं. टिटवं धरणं म्हणजे वारसा सांगणं. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं घेऊन चालू लागल्या. कागद चोख होते, तरी त्या घटकेला कुणीतरी पुढे व्हावं लागलं. आमच्या वहिनींच्या घरी पुढे व्हायला कुणी नव्हतं. पिठलं-भाकरी पोचवून आम्ही शेजारधर्म उरकला होता.

व्यवस्थेकडून फार अपेक्षा नको. कोविडमृतांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं, आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांत ५ टक्के दावे तपासायला परवानगी दिली. खोटे दावे शोधावेत, हरकत नाही. पण शोकातला माणूस फसवेल ही शंका जितक्या तत्परतेने येते, तितक्या तत्परतेने तो फसेल ही येत नाही. मृत खातेदाराचा दावा कागद पूर्ण मिळाल्यावर १५ दिवसांत निकाली काढा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२५ चा नियम आहे. तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. खरी फाइल वेळेत हलली, तर खोट्या फाइलला गिऱ्हाईक मिळत नाही.

राहता राहिला १९३०, सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तिथे कळवलं तर ते गोठवता येतात. वहिनींनी आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही. का? शिकलेली बाई फसली म्हणून लोक हसतील. व्याख्यानातल्या त्या टाळ्या म्हणजे तेच हसणं. माझ्या दोन त्यात धरून.

म्हणून माझी सूचना आहे. ती ऐकून जोतीराव माझ्यावरच असूड उगारतील. सुतक पाळा, पण फोनचं. मरण झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत ना? मग तेरा दिवस पैशाचा व्यवहारही करायचा नाही. घरचा फोन शेजारच्या एका माणसाने उचलायचा. त्याला ओटीपी सांगायचा नाही, खात्याला त्याने हात लावायचा नाही. उत्तर एकच द्यायचं : तेराव्यानंतर या. शेजारीच चोर निघाला तर? निघू शकतो. पण त्याचं दार आपल्याला ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत आणखी एक मरण झालं. फलक लागला, त्यावर या वेळी नंबर नव्हता. घरचा फोन मी ठेवून घेणार होतो, पण वहिनी वर आल्या आणि त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. तिसऱ्या दिवशी तो वाजला. वहिनींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि मग शाळेतला ठेवणीतला आवाज काढला : "घरात सुतक आहे. तेराव्यानंतर कागद घेऊन समोर यायचं. नाव काय म्हणालास तुझं?"

पलीकडून नाव आलं नाही.