पूर्वपक्षाचे ऋण

विश्लेषणात्मक निबंध कसा लिहावा, हा प्रश्न घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा प्रस्तावना किती ओळींची असावी, अवतरणे कोठे घालावीत आणि उपसंहार कसा खुलवावा, याचा एखादा तयार नुस्खा मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. पण मी त्यांना पहिले काम सांगतो ते असे की, ज्या मताचे खंडन करावयाचे आहे ते मत आधी एका निराळ्या कागदावर अशा रीतीने मांडून आणा की, त्या मताच्या कट्टर अभिमान्यानेही त्याखाली बिनतक्रार सही करावी. पुष्कळांचे कागद कोरेच परत येतात. मग साहजिकच प्रश्न उद्भवतो की, परमताची अशी प्रामाणिक मांडणी ही लेखनाची केवळ एक हिकमत आहे, की तिच्यात धर्माचाही काही अंश आहे?

हिकमत म्हणून तिची योग्यता मीमांसकांनी फार पूर्वी ओळखली होती. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती अशा पाच अंगांनी त्यांचे प्रत्येक अधिकरण, म्हणजे एकेका प्रश्नाचा विचार, सिद्ध होते, आणि जैमिनीच्या पहिल्याच सूत्रावरील अधिकरण तर विद्यार्थिदशेविषयीचेच आहे. वेदाध्ययन करावे असा विधी आहे. तेव्हा पाठ पुरा झाल्यावर शिष्याने गुरुगृहाचा निरोप घ्यावा, की अर्थाचा विचार करण्यासाठी तेथेच राहावे, हा संशय. पूर्वपक्षी म्हणतो की, पठणाने विधी पूर्ण झाला, त्याचे फळ स्वर्ग, आणि अध्ययन संपल्यावर स्नान करून परतावे असे स्मृतीच सांगते, मग विचाराची उठाठेव कशाला? हे म्हणणे मुळीच पोरकट नाही. त्याला उत्तर देण्यासाठीच सिद्धान्त्याला असा नियम पुढे करावा लागतो की, जेथे अर्थज्ञानासारखे दृष्ट फळ संभवते, तेथे अदृष्ट फळाची कल्पना करू नये. पूर्वपक्ष दुबळा असता तर या नियमाची गरजच पडली नसती. म्हणजे सिद्धान्ताचे उत्तमांग पूर्वपक्षाच्याच पोटातून जन्मास आले. मंडपाची मेढ रोवताना ती पक्की बसावी म्हणून हालवून हालवून ठोकतात, त्याला शास्त्रकार स्थूणानिखननन्याय म्हणतात, तो याच अर्थाने.

आपल्याकडील जुन्या इन्साफाची रीतही याहून निराळी नव्हती. पेशवाईतील निवाडपत्रे वाचताना ध्यानात येते की, वतनाचा तंटा असो वा हद्दीचा, उभय पक्षांकडून निवाडा मान्य करण्याचे राजीनामे आणि जामीन घेतले जात, दोघांच्या तकरिरा लिहून घेतल्या जात, आणि मग निर्णय होई. हरणाऱ्याचीही तकरीर निवाड्याच्या कागदात शिल्लक राही, म्हणून दोनशे वर्षांनंतर तो कागद वाचणाऱ्याला तो निवाडा पुन्हा तपासून पाहता येतो.

परंतु हिकमतीच्या पलीकडचा प्रश्न शंकराचार्यांनी स्वतःलाच विचारलेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सांख्यादी मतांचे निराकरण आरंभताना ते शंका घेतात की, मुमुक्षूने आपला पक्ष स्थापावा एवढे पुरे. दुसऱ्याच्या मताचे खंडन करून द्वेष कशाला ओढवून घ्यावा? त्यांचे उत्तर असे की, ती दर्शने थोर आहेत, थोरांनी स्वीकारलेली आहेत आणि त्यांत युक्तीचे बळही दिसते, म्हणूनच मंदबुद्धी माणसे त्यांना भुलण्याचा संभव असतो. या उत्तरात प्रतिपक्षाच्या थोरपणाची कबुली आहे, हे मला त्याचे मर्म वाटते. क्षुद्र मताशी झुंजण्यात ना पुरुषार्थ, ना प्रयोजन.

तथापि सांख्यांचे ग्रंथ उपलब्ध आहेत. आचार्यांनी त्यांचा पक्ष न्यायाने मांडला की नाही, हे कोणासही पडताळून पाहता येते. चार्वाकांची गोष्ट निराळी. त्यांचे मूळ सूत्रग्रंथ लुप्त झाले, आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यत्वे त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभ चार्वाकदर्शनाने केला आणि अनुमानाच्या प्रामाण्यावरील त्याचा आक्षेप इतक्या नेटाने मांडला की, तो वाचताना लेखक अद्वैती आहे याचा क्षणभर विसर पडावा. त्या आक्षेपाखाली सही करण्यास चार्वाक मात्र हजर नव्हता.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. प्रतिपक्षी समोर बसलेला असतो तोवर त्याच्या मताची नीट मांडणी करणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे, कारण चुकलो तर तो लगेच हरकत घेईल. पण ज्याची जबानी नोंदविणारा आपणच, ज्याचा मुखत्यारही आपणच आणि ज्याच्यावर निवाडा देणारेही आपणच, अशा गैरहजर माणसाची बाजू लिहिताना हात आखडला नाही, तर त्याला धर्म म्हणावे. विद्यार्थ्याच्या हाती मी जो कोरा कागद देतो, त्याच्या तळाशी सहीपुरती जागा सोडण्यास सांगतो, ती यासाठीच.