बोकडाचे नाव

पुण्यात तीस वर्षे कारकुनी करून वडिलोपार्जित चार एकर कसायला आम्ही सहकुटुंब नातेपुत्याला आलो, तेव्हा माझे शेतीचे ज्ञान अगदी पक्के होते. कारण ते सगळे पुस्तकातले होते. पहिल्या वर्षी टोमॅटो केला. तो इतका उत्तम आला की सगळ्यांचाच उत्तम आला असणार, हे भाव ऐकल्यावर कळले. कोंबड्या पाळल्या, त्या मुंगसाने नेल्या. बाजरी पेरली, तर पाऊस फिरकला नाही, मुलूखच पर्जन्यछायेतला. नीरेचा कालवा तालुक्यातून जातो खरा, पण आमच्या रानाकडे पाठ करून. यश आले ते फक्त शेळ्यांत, आणि त्यात आमचा काही हात नव्हता. उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांनी विते, पुष्कळदा जुळी देते. तिला सल्ला लागत नाही.

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड करीत येते आणि एक रात्र नातेपुत्यात मुक्काम करते. त्याच रात्री आमची शेळी व्याली. जुळ्यात एक बोकड होते. अंगणात उतरलेल्या एका वारकरी आजींनी ते मांडीवर घेऊन पुसले आणि म्हणाल्या, "उठा माऊली, दूध प्या." वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात. पण माझ्या नातीला वाटले, बारसेच झाले.

शेजारचे नाना म्हणाले, "सायेब, बोकडाला नाव ठिवू नये."

"का? पाप लागतं?"

"पाप-बिप न्हाई. त्यो हाकंला येतो."

यात वाईट काय, ते मला कळेना. हाकेला येणारे कुणीतरी घरात असावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. नानांचे बोकड मात्र कुणाच्या बापाला जुमानत नसे. बाजारच्या दिवशी साठीतले नाना काष्टा सावरत त्यामागे बांधभर पळायचे. मी ओट्यावरून हसायचो. शेजारी आमची माऊली माझ्या हातातले कणीस खात असे.

वर्ष झाले. पुन्हा पालखी आली, माळशिरसकडे गेली. एकादशी झाली आणि श्रावण लागायच्या आत आखाड साजरा करणाऱ्यांची घाई सुरू झाली. व्यापारी दारात आला. भाव चांगला होता आणि बियाण्याची उधारी थकली होती. मी घुटमळलो, तशी बायको म्हणाली, "रविवारी अर्धा किलो आणता, तेव्हा विचारता का त्याचं नाव?" याला उत्तर नव्हते. बोकड दूध देत नाही, आणि जन्मलेला प्रत्येक पोसायचा म्हटले तर दहा वर्षांत आम्हाला राहायला जागा उरायची नाही.

व्यापारी धरायला गेला, तर बोकड बाभळीभोवती गरगरा पळू लागले. तो घामाघूम झाला. "जरा धरून द्या की!" मी सवयीने हाक मारली, "माऊली!"

ते थांबले. धावत आले. माझ्या ओंजळीत तोंड घालून कणीस शोधू लागले. ओंजळ रिकामी होती. व्यापाऱ्याने दावे टाकले.

नातीला 'पंढरीला गेला' असे सांगायचे मी ठरवले होते. बायकोने मला डोळ्यांनीच गप्प केले आणि तिला खरे ते सांगितले. नात दोन दिवस माझ्या हाकेला ओ देत नव्हती.

विकणे पाप का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. खाणाऱ्याने विकणाऱ्याला बोलू नये, एवढेच म्हणतो. पण मी बोकडाबरोबर ती हाकही विकली. तिचे पैसे कुणी दिले नाहीत आणि तिची उधारीही फिटत नाही.

यंदा पुन्हा दोन बोकडे आहेत. नावे ठेवलेली नाहीत. चारा तसाच घालतो, रात्री उठून बघतो तसाच. बाजारच्या दिवशी मात्र त्यांच्यामागे बांधभर पळतो. आता नाना ओट्यावर बसलेले असतात, पण ते हसत नाहीत. मला फार दम लागतो. तेवढा लागायलाच हवा.