सल्ला देण्याचा अधिकार

बँकेतील, विमा कंपनीतील अथवा कारखान्याच्या दप्तरातील स्थिर नोकरीचा ऐन चाळिशीत राजीनामा देऊन इतरांना नेतृत्वाचे आणि अर्थव्यवहाराचे धडे देण्याचा व्यवसाय पत्करणारी माणसे आता पुण्या-मुंबईपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. सातारा-सांगलीकडेही ‘कोच’ ही उपाधी परिचयाची होऊ लागली आहे. या मंडळींची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्या असंख्य घरांत दरमहा ठरावीक वेतन येण्याची ही पहिलीच पिढी आहे आणि त्या वेतनाचा विनियोग कसा करावा हे सांगणारे वडीलधारे कोणी नाही, त्या घरांची गरज थट्टेने भागत नाही. म्हणून असा व्यवसाय असावा की नसावा हा प्रश्न गौण आहे. परक्याच्या पैशाविषयी आणि आयुष्याविषयी बोलण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो, हा खरा प्रश्न आहे.

या भूमीला व्यवसायांतर नवे नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान थाटणारे, पुढे लोखंडी नांगर घडविणारे आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्याचे एक टोक. आणि त्याच किर्लोस्करांचे नांगर विकता विकता अखेरीस विक्रीचा धंदा सोडून शिक्षणाला वाहून घेणारे भाऊराव पाटील हे दुसरे. एका शिक्षकाने नांगर घडविले आणि नांगर विकणाऱ्याने शाळा उभारल्या. या दोघांनीही आपल्या पूर्वायुष्याची पुंजी टाकून न देता ती निराळ्या कामी लावली, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

लोखंडी फाळाने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत ज्या काळी शेतकऱ्यांत रूढ होती, त्या काळी नांगर विकणे म्हणजे प्रथम विश्वास संपादन करणे होते. आणि विश्वास संपादन करण्यासाठी कुळाची अडचण, सावकाराचे खाते आणि पिकाचा भरवसा या सर्वांची माहिती विक्रेत्याला असावी लागे. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करताना आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविताना भाऊरावांच्या पदरी ही गावोगाव हिंडून मिळविलेली विद्या होती. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेत स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे मुलांनीच करावयाची असत. श्रमाचे मोल, खर्चाची मर्यादा आणि सामूहिक जबाबदारी यांवर त्यांना निराळी व्याख्याने ऐकावी लागत नसत. ती शिकवण त्यांच्या दिनक्रमातच होती.

तथापि भाऊरावांचा अधिकार केवळ अनुभवातून आलेला नव्हता. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, ही हकिगत साताऱ्यात सर्वश्रुत आहे. तिचा उल्लेख आपण भक्तिभावाने करतो आणि पुढे जातो. पण तिच्यात एक व्यावहारिक तत्त्व दडलेले आहे, ते असे की जो दुसऱ्याला जोखीम पत्करावयास सांगतो त्याने आपलाही काही भाग त्या जोखमीत घातलेला असावा. सल्ला फसला तर ज्याचे काहीच बुडत नाही, त्याचे शब्द कितीही ओजस्वी असले तरी त्यांना वजन येत नाही.

दुसरे उदाहरण माण तालुक्यातील म्हसवडचे. मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत घडलेल्या चेतना सिन्हा त्या दुष्काळी मुलखात येऊन राहिल्या. पावसाळ्यापूर्वी घरावर घालावयाचा ताडपत्रीसारखा कागद घेता यावा म्हणून थोडथोडे पैसे साठवू पाहणाऱ्या एका कष्टकरी बाईचे खाते उघडावयास बँका तयार होईनात, तेव्हा स्त्रियांचीच बँक काढण्याचा घाट घातला गेला. प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नाही या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्यावर बायका अक्षरे गिरवू लागल्या, पुन्हा दारी गेल्या आणि ‘व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा’ असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायकांपाशी गणित होतेच. त्याला मान्यता मिळवून देणे एवढेच मार्गदर्शकाचे कार्य उरले होते.

यावर असा आक्षेप येईल की प्रत्येक सल्लागाराकडून कर्मवीर भाऊरावांच्या त्यागाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वैद्य आणि वकील जर मोबदला घेतात, तर यानेच का घेऊ नये? आक्षेप रास्त आहे. उघडपणे ठरविलेला मोबदला घेण्यात हीन असे काहीच नाही. दोष उत्पन्न होतो तो एका हाताने शुल्क घेऊन दुसऱ्या हाताने विमा वा फंड विकण्याची दलाली खिशात टाकण्यात. म्हणूनच मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यास भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१३ च्या नियमांनी नोंदणीचे बंधन घातले आहे. घरखर्चाची शिस्त शिकविणे निराळे आणि अमुक रोख्यात पैसे गुंतवा असे सांगणे निराळे. ‘कोच’ या शब्दाच्या आडोशाने ही सीमा ओलांडणारा मनुष्य व्यवसायांतर करीत नसून केवळ उत्तरदायित्व टाळीत असतो.

नेतृत्वाच्या शिकवणीला तर कोणतेही सरकारी दप्तर पुरे पडणार नाही. तेथे कसोटी एकच: शिष्याला गुरूची गरज उत्तरोत्तर कमी होते की वाढते? भाऊरावांच्या वसतिगृहातून बाहेर पडलेला मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहावा आणि म्हसवडच्या बाईने आपले खाते आपणच सांभाळावे, हेच त्या दोन्ही उद्योगांचे साध्य होते. ज्या मार्गदर्शकाची मिळकत शिष्याच्या सततच्या अगतिकतेवर अवलंबून आहे, त्याचा स्वार्थ आणि शिष्याचे हित यांचा मेळ कधीच बसणार नाही. तेव्हा नोकरी सोडून या मार्गाला लागू पाहणाऱ्याने प्रमाणपत्रापूर्वी आपला जमाखर्च मांडावा: आपण काय जाणतो, त्यापायी काय गमावले, आणि कोणत्या मुदतीत शिष्याला मोकळे करणार आहोत. ही तिसरी बाब जो आरंभीच लेखी देईल, त्याला सल्ला विचारण्यास हरकत नाही.