कुंपणापलीकडची शोभा

मंडळाचे अथवा क्लबाचे आवार शेजाऱ्यांच्या नजरेला बरे दिसावे म्हणून सजवावे, असा विचार निघाला की दोन आक्षेप हमखास पुढे येतात. पहिला असा की, लोकांना दाखविण्यासाठी केलेली शोभा हा निव्वळ देखावा होय. बडा घर पोकळ वासा. दुसरा असा की, आमच्या जागेत आम्ही काय लावावे हे शेजाऱ्याने का ठरवावे? हे दोन्ही आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगे नाहीत.

पहिल्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. सडा घालून रांगोळी काढतात ती उंबऱ्याबाहेर. घरातल्यांच्या वाट्याला ती जाता-येता क्षणभर येते. तिच्याकडे पाहत जातो तो वाटसरू. तिला कोणी दांभिक म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार करणे हे मुळात सौजन्य आहे. दंभ सुरू होतो तो रांगोळी रेखणारे हातच घरातला केर शेजाऱ्याच्या दारापुढे लोटू लागतात तेव्हा. म्हणजे शोभा खरी की खोटी, हे ती कोणासाठी केली यावरून ठरत नाही. तिच्या आडून काय बाहेर जाते, यावरून ठरते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर भोपाळची जमीनच देते. हे शहर टेकड्यांचे आणि तलावांचे. इथे वरच्या आवारातले पाणी खालच्या आवारात जाते, तिथून नाल्यात आणि पुष्कळदा पुढे तलावात. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी देतो. २००२ साली ‘भोज पाणथळ’ या नावाने त्याची आणि छोट्या तलावाची रामसर यादीत नोंद झाली. हिरवळ गर्द दिसावी म्हणून टाकलेले खत आणि फवारलेले कीटकनाशक पहिल्या पावसात कुंपण ओलांडते. सातबाऱ्यावरची हद्द त्याला अडवीत नाही.

या शहराला हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात तयार होत असे ते ‘सेव्हिन’ हे पिकांना आणि बागांना राखणारे कीटकनाशकच होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कारखान्याची हद्द भिंतीपाशी संपली, वायूची संपली नाही. हजारो माणसे प्राणास मुकली, आणि भिंतीला लागून राहणाऱ्या वस्त्यांवर पहिला घाला पडला. त्या आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलविला जाण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. क्लबाच्या बागेची तुलना त्या कारखान्याशी करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ‘आमच्या जागेत आमची मर्जी’ हे वाक्य भोपाळमध्ये तरी निर्धास्तपणे उच्चारता येत नाही.

तेव्हा मर्यादा अशी आखावी: जे कुंपणाच्या आत राहते ते आपले, जे कुंपण ओलांडते त्यात शेजाऱ्याचा वाटा आहे. पाणी, आवाज, धूर, दिव्यांचा झोत, रस्त्यावर आडवी लावलेली वाहने, झाडाची सावली आणि त्याचा पाचोळासुद्धा. २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. कायद्याने हे एका परीने शेजारधर्माचेच मोजमाप करून दिले आहे.

आपल्यासारख्या कुटुंबांना हा प्रश्न अधिक जवळचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून नोकरीनिमित्त अनेक मराठी घरे इथे आली. काही त्याआधीपासूनच होती. आपली त्रैमासिके शेजारी वाचत नाहीत, आपली नाटके त्यांना कळत नाहीत. त्यांच्या वाचनात येते ते आपले आवार. गणेशोत्सवातला ध्वनिक्षेपक आणि फाटकाबाहेर उरलेल्या पत्रावळी एवढाच मजकूर त्यांच्या हाती पडत असेल, तर आपल्या संस्कृतीविषयीचे त्यांचे मत कोणत्या आधारावर बनावे?

मात्र शेजाऱ्याच्या भल्याचा अतिरेकही नको. जपानमधील क्योतो शहरात सकाळी दारापुढचा रस्ता झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीत साधारण एक फूट पुढे झाडावे, त्याहून अधिक नको, असा जुना संकेत आहे. अजिबात न झाडणे हा कोरडेपणा. सगळेच झाडून टाकणे म्हणजे शेजाऱ्यावर उपकाराचे ओझे. आपल्या आवडीची शोभा त्याच्या खिडकीसमोर उभी करताना हा एक फूट ध्यानात ठेवावा.

म्हणून सुशोभनाचा क्रम उलटा असावा, असे आम्हांस वाटते. आधी सांडपाण्याची वाट, मग आवाज आणि दिवे, मग वाहने. रंग आणि फुले त्यानंतर. झाड लावायचेच तर कडुनिंबाचे, कुंपणाला लागून, सावली रस्त्यावर पडेल असे. आणि त्याचा पाचोळा झाडण्याची जबाबदारी आपली. सर्वांत आधी, खड्डा खणण्यापूर्वी, शेजाऱ्याचे दार ठोठावून त्याला विचारावे. एवढ्या वर्षांच्या शेजारात हा प्रश्न आपण प्रथमच विचारीत असलो, तर आवाराला रंगाहून अधिक कशाची गरज होती, हेही त्याच भेटीत उमगेल.