आधी उदयसागर

कोंडाणे, ता. कर्जत

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिमाचलातल्या चंद्रताल तलावाला जायचा तुझा बेत मामीने वाचून दाखवला. जा, मी अडवत नाही. पण त्याआधी एक रात्र राजमाचीवर, उदयसागर तलावापाशी काढ, आणि तीही आमच्या कोंडाण्यावरून चढून. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारी वाट लांब, पण बरीचशी सपाट. तिच्यावर पाठपिशवीचं खरं वजन कळत नाही. आमच्या चढणीवर ते वाटेतल्या कोंडाणे लेण्यांपर्यंतच कळतं. खांदे काचायला लागले की थांब, कमरेचा पट्टा आवळ. ओझं कमरेवर पेलायचं असतं.

लेण्यात दम खा. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा चैत्य, कातळात केलेलं लाकूडकामच जणू. तिथे ब्राह्मी लिपीत नाव आहे, कण्हाचा शिष्य बलक. तेवढं एक पुरे, तू आपलं कोरू नकोस.

वर राजमाचीच्या उधेवाडी गावात पोचलास की तंबूची जागा कुठल्याही घरी विचार आणि जेवणही तिथेच सांग. तलावाच्या अगदी काठावर तंबू ठोकू नकोस. रात्री थंड हवा खोलगट जागेत उतरून बसते आणि पहाटे दव पडून कापड निथळतं. शंभर पावलं लांब, जरा उंचवट्यावर झोप. शौचाला त्याहून लांब जा, वीतभर खड्डा कर, वर माती लोट.

भांड्यांचंही सांगतो. तुझ्या वयाचा असताना मी तेलकट पातेलं त्या पाण्यात बुडवून घासत होतो. हंडा घेऊन एक आजी आली. काही बोलली नाही, मुकाट्याने वळसा घालून पलीकडच्या काठाला गेली. तेव्हापासून मी पाणी बाहेर काढून, लांब नेऊन भांडी घासतो. साबण तर नेतच नाही.

चंद्रतालच्या काठावर मुक्कामाला बंदीच आहे, तंबू दूर असतात. पण तिथली खरी भीती वेगळी. राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याचा माथा साधारण ९०० मीटर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या पुढे. हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्के. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून माणसं झपकन पलीकडे लाहौलात पोचतात. रस्ता सोपा झाला, रक्ताला मात्र सवय व्हायला तितकेच दिवस लागतात. वाटेत मुक्काम कर. तीन हजारांच्या वर रोजची झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नकोस. डोकं ठणकून उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला, तर सकाळची वाट न बघता खाली उतर. सोबत्यांनी कितीही हसू दे.

शनिवारी पहाटेच्या कर्जत लोकलने ये. भरलेली पाठपिशवी आण, मी ताणकाट्यावर तोलणार आहे. मामी भाकऱ्या बांधून देईल, त्यांचं वजन धरायचं नाही.

तुझा,
मामा