सूर्याचे देणे आणि साधनाचे ऋण

सूर्यप्रकाश कोणी निर्माण करत नाही, कोणी विकत नाही आणि एकाने घेतला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही. म्हणूनच सौर पॅनेलवर चार्ज केलेला मोबाइल, विजेरी किंवा पॉवर बँक वापरताना आपण कोणाचे काही घेतले नाही, अशी भावना सहज निर्माण होते. भारतीय धर्मविचाराने मात्र मिळालेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर परतफेडीचा विचार जोडला आहे. जे विनामूल्य मिळते त्याचेही ऋण लागते का, आणि लागत असेल तर ते कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे हातातल्या लहानशा यंत्रापर्यंत येऊन पोचतो.

या साधनाची खरी किंमत वीज नसलेल्या ठिकाणी कळते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखरपट्ट्यात उतरतात आणि फडाजवळ कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या घालतात. कोपीला मीटर नसतो. अशा ठिकाणी छपरावर दक्षिणेकडे कलते टेकवलेले लहान पॅनेल दिवसभर बॅटरी भरते. रात्री त्यावर एक दिवा लागतो आणि मोबाइल चार्ज होतो. मागे गावी राहिलेल्या मुलांचा आवाज ऐकण्याचे तेवढेच साधन असते. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. दहा वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात प्रत्यक्षात सहा-सात वॅट देते, म्हणजे तीन-चार तासांत काम भागते. पॅनेलवर धूळ बसली किंवा एका कोपऱ्यावर सावली पडली, तरी वीज बरीच घटते.

सूर्यप्रकाशावर कोणाची मालकी नाही, या जाणिवेला आधुनिक महाराष्ट्राच्या विचारपरंपरेत मोठे स्थान आहे. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीला सुरुवात झाली. हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्याप्रमाणे जमीनही ईश्वराची देणगी आहे, म्हणून तिच्यावर सर्वांचा हक्क आहे, ही विनोबांची मांडणी होती. तिच्यात प्रकाश हा वादापलीकडचा दाखला आहे; तो सर्वांचा आहे हे जमीनदारालाही मान्य असते. सौरऊर्जेबाबत मात्र विचार इथे थांबवता येत नाही. प्रकाश सर्वांचा असला, तरी त्याची वीज करणारे साधन ज्याला परवडते त्याचेच असते.

हे साधन प्रकाशासारखे आपोआप मिळत नाही. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचे तो विजेत रूपांतर करत असे. आजचे बाजारातले पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे, पण सिलिकॉन मिळवण्याची वाट तीच आहे. क्वार्ट्झ कार्बनसोबत विद्युतभट्टीत प्रचंड तापमानाला तापवावा लागतो आणि त्यातून मिळालेले सिलिकॉन नंतर अतिशय शुद्ध करावे लागते. वीज साठवणाऱ्या बॅटरीसाठी लिथियम लागते, आणि मोबाइलच्या अनेक बॅटऱ्यांत कोबाल्टही असते. जगातील कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तेथील काही खाणींत लहान मुले राबत असल्याचे वारंवार उघड झाले आहे. प्रकाशाचे देणे निर्मळ आहे. साधन मात्र माणसांच्या कष्टातून आणि पृथ्वीच्या पोटातून आलेले असते. ऋणाचा प्रश्न इथून सुरू होतो.

या प्रश्नाची चौकट गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आढळते. सृष्टीतून जे मिळते ते परत काही न देता भोगणाऱ्याला तेथे चोर म्हटले आहे. देणे आणि घेणे यांचे चक्र यज्ञाने चालते, आणि जो ते पुढे चालवत नाही त्याचे जगणे व्यर्थ ठरते. ज्ञानेश्वरांनी या यज्ञाचा अर्थ स्वधर्माचे आचरण असा लावला, त्यामुळे तो विधीच्या चौकटीतून बाहेर आला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली ‘गीता प्रवचने’ हा विचार आणखी पुढे नेतात. माणूस सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्थांमध्ये जन्म घेतो; सृष्टीची झीज भरून काढणे हा यज्ञ, समाजाचे ऋण फेडणे हे दान आणि शरीराची शुद्धी राखणे हे तप, अशी विनोबांची उकल आहे. सौर साधनाला ही उकल नेमकी लागू पडते.

पहिला भाग यज्ञाचा. सूर्याची झीज माणूस भरून काढू शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. झीज होते ती खनिजांची, पाण्याची आणि जमिनीची. चांगले पॅनेल पंचवीस वर्षे चालू शकते, बॅटरी मात्र त्याच्या कितीतरी आधी थकते. ती उकिरड्यावर फेकणे म्हणजे घेतलेले न फेडणे. भारतात २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आणि त्याच वर्षी बॅटरीच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आले. कायद्याने उत्पादकावर टाकलेली ही जबाबदारी वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिली, तर ती यज्ञाचाच भाग ठरते: वस्तू टिकवणे, दुरुस्त करणे आणि शेवटी योग्य हाती सोपवणे.

दुसरा भाग दानाचा. किंमत मोजली की ऋण संपले, असा आक्षेप इथे घेता येतो. पण किंमत बाजारात उभ्या असलेल्यांनाच पोचते. खाणीतल्या मुलाला आणि पुढच्या पिढीला तिथे जागा नसते. त्यांचे देणे समाजाकडेच फेडावे लागते, आणि त्यात ज्ञानाचे दान मोठे आहे. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेजने ग्रामीण, अल्पशिक्षित स्त्रियांना सौरदिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले. आफ्रिकेतील खेड्यांतून आलेल्या स्त्रियाही ते कौशल्य घेऊन परतल्या. त्यामुळे साधन आणि ते चालते ठेवण्याची विद्या एकाच गावात नांदू लागली.

तिसरा भाग तपाचा, म्हणजे संयमाचा. बॅटरीत प्रकाश साठवणे हा परिग्रह, म्हणजे गरजेपलीकडचा संचय, आहे का? प्रकाशापुरते पाहिले तर नाही. न साठवलेले ऊन तसेही उष्णता होऊन जाते आणि साठवल्याने कोणाचा वाटा कमी होत नाही. परिग्रह होतो तो वस्तूंचा. गरज नसताना घेतलेली वस्तू हीसुद्धा चोरीच, असे गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत सांगितले आहे. मोबाइल रोज एकदा पूर्ण चार्ज केला तरी वर्षभरात आठ-नऊ युनिट वीज लागते. त्याचा मोठा भार तो तयार करतानाच पृथ्वीवर पडलेला असतो. म्हणून दर दोन वर्षांनी नवा मोबाइल घेऊन तो उन्हावर चार्ज केल्याने ऋण फिटत नाही. आहे तो मोबाइल दोन वर्षे अधिक वापरण्याने त्याहून कितीतरी अधिक फिटते.

या तिन्ही अंगांनी पाहता सौर चार्जिंगचे नैतिक मोल प्रकाश फुकट असण्यात नाही. कोपीतल्या कुटुंबाला ते आधार देते, कारण त्याची गरज खरी आहे आणि वापर गरजेपुरता आहे. जिथे वीज चोवीस तास आहे, तिथे हेच साधन केवळ मनाच्या समाधानासाठी घेतले, तर सृष्टीवरचा भार आणखी एका वस्तूने वाढतो. सूर्याने दिलेले सर्वांना सारखेच मिळते; साधनाचे ऋण मात्र ज्याने ते हाती घेतले त्याचे असते आणि टिकवणे, वाटून घेणे व आवरणे या तीन मार्गांनीच ते फेडता येते.